पडद्यावरचा काठपदर : मराठी मालिकांतील स्त्रीव्यक्तिरेखा आणि वेशभूषा

१. भूमिका

नाट्यकृतीचा किंवा कादंबरीचा अभ्यास करताना व्यक्तिरेखेची भाषा, तिची कृती, तिच्यातील अंतर्विरोध यांचा विचार आपण आवर्जून करतो. तिच्या अंगावरील वस्त्रांचा विचार मात्र बहुधा रंगतंत्राच्या प्रकरणात ढकलला जातो. भारतीय नाट्यविचाराची परंपरा पाहता ही उपेक्षा आश्चर्यकारक वाटते. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी आहार्याच्या विवेचनात पात्राची ओळख प्रथम नेपथ्याने होते आणि मग अंगविक्षेपादिकांनी ती पूर्ण होते, असा विचार त्यांनी मांडला आहे. आज आपण 'नेपथ्य' हा शब्द रंगमंचावरील देखाव्यापुरता वापरतो. भरतांच्या परिभाषेत मात्र पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव या चारही गोष्टी त्यात येतात. म्हणजे वस्त्राभरणे हा नेपथ्याचाच भाग आहे.

दूरचित्रवाणीवरील मराठी दैनंदिन मालिका हा आज मराठी भाषेतील सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहिला जाणारा कथनप्रकार आहे. तिच्या वाङ्मयीन गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतात. परंतु लाखो घरांत रोज रात्री स्त्रीची जी प्रतिमा घडते, ती कशी घडते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने टाळता येण्याजोगा नाही. या मालिकांतील स्त्रीव्यक्तिरेखा घडविण्यात वेशभूषेचा वाटा कोणता, आणि मराठी साहित्यात वस्त्राला जे अर्थ लाभले आहेत त्यांपैकी कोणते अर्थ मालिकेने स्वीकारले व कोणते गाळले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी वेशाच्या तीन अर्थांत फरक करू. वस्त्र हे कधी पात्राची अवस्था सांगते, कधी स्वभाव सांगते, तर कधी अधिकार सांगते. हे अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात हे खरे. तरीही त्यांपैकी कोणत्या अर्थावर भर आहे, यावरून त्या कथनप्रकाराची दृष्टी ओळखता येते.

२. लिहिलेले वस्त्र आणि दिसणारे वस्त्र

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या फॅशनविषयक ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्र, चित्रातील वस्त्र आणि शब्दांतील वस्त्र असा भेद केला होता. शब्द वाचकाच्या नजरेला नेमक्या ठिकाणी थांबवितो. लेखकाने साडीचा फाटका पदर सांगितला, तर वाचकाला तेवढाच पदर दिसतो. उरलेली साडी कोणत्या रंगाची होती, हे विचारण्याचे त्याला कारण नसते. म्हणून कादंबरीतील वस्त्र हे नेहमी निवडलेले वस्त्र असते आणि ज्या प्रसंगी ते सांगितले जाते, त्या प्रसंगाचा अर्थ ते वाहते.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली, हे येथे मुद्दाम आठवावे. तीही एका अर्थी मालिकाच होती. त्या कादंबरीत यमूच्या वैधव्यानंतर तिच्यावर जे बळजबरीने लादले जाते, त्यात केशवपन हा केवळ रूपातील फरक नाही. एका स्त्रीला जिवंतपणी समाजातून वजा करण्याचा तो विधी आहे. सोवळ्या विधवेचे लाल आलवण हाही त्या काळातील असाच एक गणवेश होता. हे सारे वाचकाच्या मनावर आघात करते, याचे कारण कथेच्या त्या नेमक्या वळणावर ते येते.

पडद्यावर अशी निवड शक्य नसते. कॅमेऱ्यासमोर आलेली स्त्री डोक्यापासून पायापर्यंत, प्रत्येक दृश्यात, काही ना काही नेसलेली असतेच. आठवड्यातून पाच-सहा दिवस, सलग तीन-चार वर्षे हे चालते. त्यामुळे वस्त्राचा अर्थ एखाद्या प्रसंगातून निर्माण न होता पुनरावृत्तीतून निर्माण होतो. त्यात निर्मितीच्या अडचणींची भर पडते. एकाच दिवशी वेगवेगळ्या भागांतील दृश्ये चित्रित होतात. त्यामुळे कोणत्या दृश्यात कोणती साडी, कोणत्या बांगड्या, टिकली केवढी, याची नोंद ठेवून सातत्य राखावे लागते. एका व्यक्तिरेखेसाठी एक ठरावीक साचा पक्का केला, की हे काम सोपे होते. प्रेक्षकाच्याही ते सोयीचे असते. स्वयंपाकघरातून एकदा डोकावले, तरी पडद्यावर कोण आहे आणि तिच्याविषयी काय वाटून घ्यायचे, हे संवाद न ऐकताही कळते.

वेशाचा अर्थ अवस्थेकडून स्वभावाकडे सरकण्याचे मूळ येथे आहे. भरतांच्या विवेचनात देश, जाती, वय यांनुसार वेशाचे संकेत आहेतच. परंतु पती दूरदेशी गेलेल्या नायिकेचा वेश मलिन असावा, तिची एकच वेणी असावी, असे जेव्हा ते सांगतात, तेव्हा तो वेश त्या स्त्रीच्या अवस्थेचा असतो. विरह संपला की वेश पालटतो. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधू साकारताना बालगंधर्वांनी भरजरी शालूंचा आपला लौकिक बाजूला ठेवून साधे जुनेर नेसले. तेव्हाही ती अवस्थाच होती. ज्या घरात ती वैभवाने नांदली, त्या घराची पडझड त्या जुनेरातून दिसत होती. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) मध्ये तर श्रीमंत भामिनी साध्या वेशात वनमाला होऊन वावरते. ज्या धैर्यधराचा तिने अपमान केला, त्याची खरी ओळख तिला या वेशांतरातून होते. वेश आणि व्यक्ती यांत अंतर असू शकते, या जाणिवेवरच त्या नाटकाची उभारणी आहे. दैनंदिन मालिकेला हे अंतर परवडत नाही.

३. स्वभावाचा निवाडा

खासगी मराठी वाहिन्यांचा विस्तार १९९९ नंतर झाला. त्या वर्षी अल्फा वाहिनीवर सुरू झालेल्या 'आभाळमाया'तील सुधा जोशी (सुकन्या कुलकर्णी) ही प्राध्यापिका होती. तिची साडी हा तिच्या वयाचा, व्यवसायाचा आणि मध्यमवर्गीय घराचा स्वाभाविक भाग होता. ती साडी नेसते म्हणून सद्गुणी, असा दावा त्या साडीत नव्हता.

२०१६ ते २०२१ या काळात चाललेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेत मात्र साडीला हा भार वाहावा लागला. नागपूरकडची राधिका (अनिता दाते) साडी, वेणी आणि मंगळसूत्र यांत, तर तिच्या नवऱ्याच्या आयुष्यात आलेली शनाया तोकड्या पाश्चात्त्य पोशाखांत, अशी विभागणी पहिल्या काही भागांतच पक्की झाली. राधिकेला स्वयंपाक येतो, शनायाला येत नाही. राधिका राबते, शनाया खरेदी करते. वेशातील विरोध आणि गुणांतील विरोध हे इतके एकजीव होतात, की शनायाचा दोष नेमका कोणता, दुसऱ्या स्त्रीच्या संसारात शिरणे की गुडघ्याच्या वर संपणारा पोशाख घालणे, हे प्रेक्षकाला वेगळे करून सांगता येऊ नये.

या विभागणीत एक गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि म्हणूनच ती महत्त्वाची आहे. ज्याच्यासाठी हे सारे रामायण घडते, तो गुरुनाथही पाश्चात्त्य पोशाखातच असतो. शर्ट, पॅन्ट, कोट ही वस्त्रे परकी आहेत, हे आपण केव्हाच विसरलो. त्याच्या पोशाखावरून त्याच्या चारित्र्याविषयी कोणताही संकेत दिला जात नाही आणि घेतलाही जात नाही. राष्ट्रवादी विचाराने 'घर' आणि 'बाहेर' अशी विभागणी करून संस्कृतीच्या आतल्या गाभ्याची राखण स्त्रीकडे सोपविली, असे विवेचन पार्थ चॅटर्जी यांनी एकोणिसाव्या शतकातील बंगालच्या संदर्भात केले आहे. पुरुषाने बाहेरच्या जगाशी जुळवून घेण्यासाठी वेश बदलावा, स्त्रीने तो बदलू नये, ही त्या विभागणीची एक परिणती. एकविसाव्या शतकातील मराठी मालिकेत ती जवळजवळ जशीच्या तशी आढळते.

पुढे राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभारते आणि मोठी उद्योजिका होते. तिची प्रमुख ओळख तेव्हाही साडीच राहते. सुधारते ती साडीची प्रत आणि नेसण्यातील टापटीप. स्त्रीला सत्ता आणि संपत्ती देण्यास मालिका तयार आहे, परंतु वेशाची हमी घेतल्यावरच. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३–१६) मधील जान्हवी बँकेत नोकरी करणारी तरुणी होती. तरीही प्रेक्षकांच्या आणि बाजाराच्या स्मरणात राहिले ते तिचे लांब मंगळसूत्र. पूर्वी बालगंधर्वांचे रंगमंचावरील नेसणे-नटणे पाहून कुलीन स्त्रिया त्याचे अनुकरण करीत. जान्हवीच्या मंगळसूत्राचे तसेच अनुकरण झाले, आणि सराफांच्या दुकानांत ते व्यक्तिरेखेच्या नावाने मागितले गेले.

या चौकटीत राहूनही वेशाचा सूक्ष्म वापर होऊ शकतो, हे 'आई कुठे काय करते!' (२०१९–२४) या मालिकेने काही अंशी दाखविले. 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेवरून ती घेतली होती. 'अनुपमा' ही हिंदी मालिकाही त्याच कथेवर उभी आहे. एकच कथा बंगाली, मराठी आणि गुजराती घरांत नेताना प्रथम बदलावे लागते ते भाषेबरोबर नेसणेच. येथेही साध्या साडीतील अरुंधती (मधुराणी प्रभुलकर) आणि आधुनिक वेशातील संजना हा विरोध आरंभी ठरावीकच होता. परंतु घटस्फोटानंतर अरुंधती साडी सोडीत नाही. साडी तीच राहते, तिचा अर्थ मात्र पालटतो. जे वस्त्र गृहिणीचा गणवेश होते, ते गाणे शिकविणाऱ्या, स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या स्त्रीची पसंती ठरते. वेश न बदलता व्यक्तिरेखा बदलता येते, हे येथे दिसते. दैनंदिन मालिकेच्या मर्यादेत ही लहान गोष्ट नव्हे.

४. इतिहास आणि लोकपरंपरा : शोभेचा वेश

ऐतिहासिक आणि पौराणिक मालिकांत वेशभूषेवर अधिक परिश्रम घेतले जातात. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील 'उंच माझा झोका' (२०१२–१३) या मालिकेने नऊवारी, खणाची चोळी आणि पारंपरिक दागिने पुन्हा लोकांच्या आवडीचे केले. परंतु रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) वाचणाऱ्याच्या मनावर ठसतो तो शिक्षणासाठी घरातच सोसलेला छळ आणि त्यातून घडलेली बुद्धी. ग्रंथात जे प्रसंगी येते, ते पडद्यावर सततचे होते, आणि ग्रंथात जे सततचे आहे, ते पडद्यावर प्रसंगी येते. वेशाच्या अचूकपणाने इतिहासाच्या अचूकपणाची खात्री पटते, हाच त्यातील धोका.

'जय मल्हार' (२०१४–१७) चे उदाहरण सोलापूरच्या वाचकाला अधिक जवळचे आहे. बाळ्याचा खंडोबा शहरालगतच आहे, आणि खंडोबा-बाणाईच्या विवाहाशी जोडलेले नळदुर्गही फार दूर नाही. लोकपरंपरेत म्हाळसा ही लिंगायत वाण्याची, तर बाणाई ही धनगराची लेक. जागरणातील त्यांच्या भांडणाच्या गाण्यांत दोन सवतींच्या मत्सराबरोबर दोन समाज, दोन व्यवसाय, दोन जीवनरीती समोरासमोर येतात. पेठेतील तराजू आणि माळावरील मेंढरे यांचा तो संवाद आहे. मालिकेने म्हाळसा भरजरी केली आणि बानूला रंगीत, लोककलेच्या वळणाची सजावट दिली. दोघी वेगळ्या दिसल्या, हे खरे. परंतु तो वेगळेपणा रूपाचा झाला. व्यवसायाचा आणि जातीचा राहिला नाही. घोंगडी ही धनगराची ऊब, अंथरूण, छत्री आणि भांडवल आहे. ती सजावटीत सामावत नाही.

५. अधिकाराचा वेश

आता वेशाच्या तिसऱ्या अर्थाकडे वळू. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात एक तपशील येतो. महार स्त्रीने लुगडे नेसताना त्याचे काठ निऱ्यांखाली दडवावेत, काठ दिसेल असे नेसण्याचा मान वरच्या जातीतील स्त्रियांचाच, असा दंडक होता. लुगडे तेच, फरक काठ दिसण्या-न दिसण्याचा. परंतु त्या चार बोटांच्या पट्टीत सारी समाजरचना विणलेली होती. वेशातील अधिकाराचा अर्थ याहून स्पष्टपणे मराठी साहित्यात क्वचितच आला असेल.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून जे भाषण केले, त्याचा संदर्भ येथे घ्यावा लागतो. जातीची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची रीत आणि अंगावरचे ओझे झालेले ठरावीक दागिने टाकून द्यावेत, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी नेसण्याची रीत तेथेच बदलली. त्या बदलाला स्वतःच्या निर्णयाचे बळ होते आणि त्याची किंमत मोजावी लागण्याची जाणीवही होती.

मालिकांतील 'रूपपालट' या प्रसंगाशी याची तुलना करून पाहावी. साधी, गावंढळ मानली गेलेली नायिका एके दिवशी नव्या पोशाखात जिना उतरते; संगीत वाढते, घरातील प्रत्येकाचा चेहरा आळीपाळीने दाखविला जातो. वरवर पाहता येथेही स्त्रीने वेश बदलला. परंतु ती बदलली ते कोणासाठी, आणि त्या बदलाने तिला कोणता हक्क मिळाला, या प्रश्नांना उत्तर नसते. तिला मिळते ती इतरांची नजर. १९२७ साली स्त्रियांनी वेश पालटला तो एका नजरेतून सुटण्यासाठी; मालिकेतील नायिका तो पालटते ती नव्या नजरेत बसण्यासाठी.

समकालीन कौटुंबिक मालिकांत वेशाचा हा अधिकारदर्शक अर्थ जवळजवळ आढळत नाही. चरित्रपर मालिकांत जातीचा उच्चार होतो. परंतु आजच्या घरातील काठाला जात नसते. ती नाहीशी झाली म्हणून नव्हे, तर ती दाखवावयाची नाही म्हणून.

६. सोलापुरातून पाहताना

सोलापूर हे कापडाचे गाव. येथील गिरण्या बंद पडल्या. तरी चादरी-टॉवेलांचे माग आणि शालेय गणवेशांचा शिलाई-व्यवसाय यांनी कापडाशी असलेले नाते टिकविले आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा बोलणाऱ्या या शहरातील वडीलधाऱ्या स्त्रिया साडीवरून गाव ओळखतात. इरकलीचा टोपपदर, काठाची गोमी, अंगाचा आणि पदराचा ताणा फासे गुंतवून जोडल्याची खूण पाहिली, की ते वस्त्र बागलकोटकडील इलकलच्या परंपरेतले, हे त्या हाताने चाचपून सांगतात. अशा प्रेक्षकाच्या नजरेला मालिकांतील बहुतेक साड्यांत एक उणीव जाणवते. त्या साड्यांना किंमत आहे, सद्गुण आहे, परंतु गाव नाही. गाव दाखवावयाचेच झाले, तर ते सोन्याच्या भाराने आणि भडक रंगांनी दाखविले जाते. याला तांत्रिक कारणही आहे. इरकलीसारख्या वस्त्रातील बारीक चौकडी व रेघा कॅमेऱ्यासमोर लहरल्यासारख्या दिसतात, म्हणून सपाट, ठळक रंग सोयीचे पडतात. परंतु सोय हळूहळू अभिरुचीचे रूप घेते, हेही तितकेच खरे.

याहून मोठी उणीव दुसरी आहे. आपल्या शहरांतील असंख्य स्त्रिया घरात दिवसभर गाऊन घालून वावरतात. दारात कोणी आले, तर खांद्यावर ओढणी किंवा टॉवेल टाकतात. स्वयंपाक, धुणे, मुलांचा अभ्यास, आणि सोलापुरात तर विड्या वळणेसुद्धा, याच वेशात चालते. एवढा सार्वत्रिक असलेला हा वेश मालिकेतील नायिकेच्या अंगावर जवळजवळ कधीच दिसत नाही. ती पहाटे उठते तीही दागिन्यांसह, आणि निजते तीही साडीतच. गाऊन अश्लील नाही, महाग नाही, परकाही राहिलेला नाही. मग तो का चालत नाही? कारण तो स्वभाव सांगत नाही. तो घालणारी स्त्री सोज्ज्वळ की कुटिल, याचा पत्ता त्यावरून लागत नाही. तो फक्त एवढेच सांगतो, की ही बाई कामात आहे. ज्या कथनप्रकाराला वेशातून निवाडा हवा असतो, त्याला निवाडा न देणारा वेश निरुपयोगी ठरतो.

७. समारोप

आतापर्यंतच्या विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. साहित्यात आणि रंगभूमीवर वेशाने अवस्था, स्वभाव आणि अधिकार हे तिन्ही अर्थ वाहिले. दैनंदिन मालिकेने, आपल्या पुनरावृत्तीच्या स्वरूपामुळे आणि निर्मितीच्या सोयींमुळे, स्वभावाचा अर्थ फुगविला, अवस्थेचा अर्थ रूपपालटाच्या एखाद्या प्रसंगापुरता उरविला आणि अधिकाराचा अर्थ जवळजवळ गाळला. परिणामी स्त्रीव्यक्तिरेखा बोलण्याआधीच तिच्याविषयीचा निकाल लागलेला असतो. 'आई कुठे काय करते!' सारखी उदाहरणे पाहता हा निकाल अटळ नाही, हेही दिसते.

पदव्युत्तर वर्गात या विषयाचा उपयोग करून घेता येईल. एखाद्या मालिकेचा एक भाग आवाज बंद करून दाखवावा आणि प्रत्येक स्त्रीपात्राविषयी विद्यार्थ्यांनी चार वाक्ये लिहावीत. नंतर तोच भाग आवाजासह पाहून, आपण लिहिलेल्यांपैकी काय संवादांतून आले आणि काय केवळ वस्त्रांवरून आपण गृहीत धरले, हे वेगळे करावे. त्यानंतर 'जिणं आमुचं'मधील काठाचा तपशील वाचावा. व्यक्तिरेखा, संकेत आणि समाज यांचे नाते या तीन पायऱ्यांत पुष्कळसे उलगडेल.

या अभ्यासाचा एक भाग शिक्षकांनी स्वतःपुरताही करावयास हवा. खेड्यातून एस.टी.ने येणारी मुलगी वर्गात कोणत्या कपड्यांत बसते, यावरून तिच्या अभ्यासाविषयी, घराविषयी, वागण्याविषयी आपल्या मनात जे शेरे उमटतात, ते कोठून आले, हे तपासले पाहिजे. ती तोंड उघडण्यापूर्वीच आपण तिला राधिका किंवा शनाया ठरवीत असू, तर मालिकेच्या उथळपणाविषयी बोलण्याचा आपला अधिकार फारसा उरत नाही.